एक्स११ जाऊन वेलँड येतंय: बदल बरोबर आहे, क्रम चुकला

प्रश्न थोडक्यात असा आहे, की एक्स११ (लिनक्सवर विंडो, माउस, कीबोर्ड सांभाळणारी जुनी यंत्रणा) इतकी वर्षं बिनबोभाट चाललंय, ऑफिसातल्या मशीनवर काही अडत नाहीये, मग ग्नोम, केडीई हे डेस्कटॉप आणि फेडोरा, उबुंटू या डिस्ट्रो (लिनक्सचे तयार संच) सगळे एकदम वेलँडच्या, म्हणजे त्याच कामाच्या नव्या यंत्रणेच्या, मागे का लागलेत, हे रेड हॅट या बड्या लिनक्स कंपनीने लादलंय का, आणि ज्याला रोजचं काम करायचंय, ज्यात मराठी टायपिंग आहे, दोन मॉनिटर आहेत, अधूनमधून रिमोटने मशीन बघावं लागतं, त्याने आत्ता काय करावं. मी लिनक्स डेस्कटॉप बसवून देणं आणि सांभाळणं हेच काम बरीच वर्षं करतोय, कॉलेजच्या लॅब, छोटी ऑफिसं, घरून काम करणारी मंडळी, त्यामुळे या वादात दोन्हीकडच्या लोकांचा वैताग मला जवळून माहीत आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. बदल बरोबर आहे आणि तो आता मागे फिरणार नाही. पण ज्या क्रमाने तो केला तो चुकला, आधी काढून घेतलं आणि मग अनेक वर्षांनी थोडं थोडं परत दिलं, आणि त्याची झळ ज्यांच्याकडे दुसरा पर्याय सगळ्यात कमी होता त्यांना सगळ्यात जास्त बसली.

आधी एक्स म्हणजे काय ते नीट बघू, कारण "जुनं झालं म्हणून टाकलं" असं म्हणणारे आणि "जुनं ते सोनं" म्हणणारे, दोघंही हा भाग गाळतात. एक्स सुरू झालं १९८४ ला एमआयटीत, प्रोजेक्ट अथेनाच्या काळात, बॉब शाइफलर आणि जिम गेटीस यांनी, आणि त्याच्याआधी स्टॅनफर्डमध्ये डब्ल्यू नावाची विंडो सिस्टिम होती तिच्यापासून ते निघालं. एक्स११ म्हणजे त्याच्या प्रोटोकॉलची (प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांची) अकरावी आवृत्ती, सप्टेंबर १९८७ ची. म्हणजे मूळ प्रोटोकॉल तोच ठेवून वरून एक्स्टेन्शनं जोडत जोडत आपण इथवर आलोय. तेव्हाची कल्पना अशी होती की प्रोग्रॅम कुठल्यातरी मोठ्या मशीनवर चालेल, तुमच्या टेबलावर फक्त स्क्रीन-कीबोर्ड असेल, आणि प्रोग्रॅम नेटवर्कवरून सर्व्हरला, म्हणजे तुमच्या टेबलावरच्या एक्सला, सांगेल की इथे रेघ काढ, इथे चौकोन भर, इथे ही अक्षरं लिही. फाँटसुद्धा सर्व्हरकडेच. त्या काळासाठी ही रचना फारच चांगली होती, आणि इतकी टिकली याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे.

पण आज कुठलाही प्रोग्रॅम एक्सला "रेघ काढ" असं सांगत नाही. क्यूटी, जीटीके या टूलकिट (खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररी) असोत, ब्राउझर असो, सगळे आपलं चित्र आपणच तयार करतात आणि तयार चित्र सर्व्हरच्या हातात देतात. आपल्याला हे लगेच पटायला हवं, कारण एक्सच्या मूळ फाँट पद्धतीत एकापुढे एक अक्षर ठेवायची सोय होती, जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी मागे नेणं असलं काही तिथे नव्हतंच. देवनागरी लिनक्सवर धड दिसायला लागली ती पँगो, क्यूटी आणि पुढे हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररींमुळे, म्हणजे प्रोग्रॅमच्या बाजूने, एक्सला बाजूला ठेवून. तसंच बाकीचं पण झालं. स्क्रीनचा मोड ठरवायचं काम २००९ च्या आसपास कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) गेलं, ग्राफिक्स मेसा या लायब्ररीकडे गेलं, माउस-टचपॅडचं काम लिबइनपुटकडे गेलं, आणि हे लिबइनपुट मुळात वेलँडच्या बाजूच्या कामातून निघालेलं आहे, आज एक्सही तेच वापरतं. उरलं काय तर मध्ये उभा असलेला एक सर्व्हर.

आणि मध्ये उभं राहणं फुकट नसतं. २००४ मध्ये एक्समध्ये कंपोझिट एक्स्टेन्शन आलं, त्याने विंडोंना सावली, पारदर्शकपणा वगैरे शक्य झालं, पण त्याचा रस्ता बघा: प्रोग्रॅम सर्व्हरला चित्र देतो, सर्व्हर कंपोझिटरला (सगळ्या विंडोंची चित्रं एकत्र करणाऱ्या प्रोग्रॅमला) कळवतो की काहीतरी बदललं, कंपोझिटर सगळी चित्रं एकत्र करून परत सर्व्हरलाच देतो, मग सर्व्हर ते स्क्रीनवर टाकतो. माउसचा क्लिक पण असाच, कुठल्या विंडोवर पडला ते सर्व्हर ठरवतो, पण विंडो खरंच कुठे आणि कशी दिसतेय ते कंपोझिटरला माहीत. २००८ मध्ये क्रिस्टियान होग्सबर्गने, तेव्हा तो रेड हॅटमध्ये होता, वेलँड सुरू केलं ते हाच मधला फेरा काढायला. कंपोझिटरलाच सर्व्हर करा, प्रोग्रॅमने चित्र थेट त्याला द्यावं, त्याने ते थेट कर्नलकडे पाठवावं. वेलँड १.० आलं ऑक्टोबर २०१२ ला. आणि यात काम करणारे बरेचसे लोक आधी एक्समध्येच वर्षानुवर्षं राबलेले होते, त्यामुळे "यांना एक्स कळत नव्हतं" हा आरोप मला कधीच पटला नाही, त्यांना ते जरा जास्तच कळत होतं.

आता सुरक्षेचं. एक्समध्ये एका डिस्प्लेला जोडलेला कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमची कळ न् कळ वाचू शकतो. त्याला रूट परवानगी लागत नाही, काही हॅक करावं लागत नाही, एक्सइनपुट नावाची साधी कमांड आहे ती टर्मिनलमध्ये लावून ठेवा आणि शेजारच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड टाइप करा, सगळ्या कळा टर्मिनलमध्ये येताना दिसतील. स्क्रीनचा फोटो काढणं, दुसऱ्या विंडोत खोटे क्लिक पाठवणं, सगळं खुलं. हा बग नाही, रचनाच तशी आहे, १९८७ मध्ये सगळे प्रोग्रॅम आपलेच असायचे. लॅबमध्ये मुलांना मी हे दाखवतो तेव्हा ती खरोखर हबकतात. स्क्रीन लॉकचंही तेच, एक्ससाठी लॉक स्क्रीन म्हणजे आणखी एक विंडो, आणि एखादा मेनू उघडा राहिला असेल तर कीबोर्ड त्या मेनूने धरून ठेवलेला असतो म्हणून लॉक लागतच नाही. मेनू उघडा ठेवून चहाला गेलात तर मशीन उघडं. जानेवारी २०१४ मध्ये एक्सच्या फाँट लायब्ररीत एक सुरक्षा-दोष जाहीर झाला तो १९९१ पासून कोडमध्ये बसलेला होता. त्यात लिहिणाऱ्यांना दोष द्यायचा नाहीये, पण इतका जुना आणि इतका पसरलेला कोड तपासणारे डोळे किती कमी उरलेत ते यातून कळतं.

दोन मॉनिटरचा त्रास तर तुम्ही स्वतः भोगत असाल. एक्स सगळ्या मॉनिटरची मिळून एकच मोठी पाटी समजतं, आणि त्या अख्ख्या पाटीला व्यवहारात एकच स्केल. लॅपटॉपचा बारीक पिक्सेलचा स्क्रीन आणि शेजारी साधा फुल एचडी मॉनिटर, म्हणजे एकीकडे अक्षरं मुंगीएवढी नाहीतर दुसरीकडे भोपळ्याएवढी. एक्सरँडआर या एक्सच्या सोयीने स्केल करून लोक काम चालवतात, मीही चालवलंय, पण अक्षरं धुरकट होतात आणि विंडो या मॉनिटरवरून त्या मॉनिटरवर नेली की परत तेच. वेलँडमध्ये प्रत्येक मॉनिटरचं स्केल वेगळं ठेवता येतं, आणि सव्वापट-दीडपट असं अपूर्णांकातलं स्केल नीट करायचा प्रोटोकॉल २०२२ च्या शेवटी आला. ज्यांना हा एकच त्रास होता असे माझे कितीतरी लोक वेलँडवर गेले आणि परत फिरले नाहीत, त्यांना वादाशी काही देणंघेणं नव्हतं.

मग "लादलं" का म्हणतात लोक? कारण निर्णय खरंच थोड्याच लोकांच्या हातात आहे, आणि त्यातले बरेच जण रेड हॅटच्या पगारावर होते आणि आहेत. पण हेही बघा की एक्सलाही वर्षानुवर्षं जगवलं त्यात तेच मोठ्या प्रमाणात होते. एक्स सर्व्हरची शेवटची मोठी आवृत्ती २१.१, ती ऑक्टोबर २०२१ ची, त्यानंतर येतात ते मुख्यतः सुरक्षेचे आणि किरकोळ दुरुस्तीचे पॅच. रेड हॅटचं कंपन्यांसाठीचं लिनक्स, आरएचईएल १०, मे २०२५ मध्ये आलं, त्यात एक्स.ऑर्गचा (म्हणजे नेहमीचा) एक्स सर्व्हर नाहीच, फक्त एक्सवेलँड (वेलँडवर जुने एक्सचे प्रोग्रॅम चालवणारा थर) आहे. आणि रेड हॅटचा कट म्हणायचा तर उबुंटूवाल्या कॅनॉनिकलचं काय करायचं? त्यांचं रेड हॅटशी उघड उघड पटत नव्हतं, २०१३ मध्ये त्यांनी वेलँड नाकारून स्वतःचं मीर जाहीर केलं, चार वर्षं त्यावर खर्च केली, एप्रिल २०१७ मध्ये युनिटी या आपल्या डेस्कटॉपसकट तो बेत सोडला आणि शेवटी वेलँडकडेच आले. मीर आजही आहे, पण वेलँड कंपोझिटर बनवायची लायब्ररी म्हणून. एक्सवर राहू असं त्यांनीही कधी म्हटलं नाही. व्हॉल्व या गेम कंपनीचं स्टीम डेक घ्या, त्याचा गेमिंग मोड गेमस्कोपवर चालतो, तो वेलँड कंपोझिटर. रास्पबेरी पाय ओएस घ्या, ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या पाय मॉडेलवर वेलँड. इतक्या वेगवेगळ्या गरजांचे, वेगवेगळ्या खिशाचे लोक एकाच दिशेला गेले तर त्याचं कारण तांत्रिकच असणार.

जून २०२५ मध्ये एक्सलिब्रे नावाचा एक्स सर्व्हरचा फोर्क (कोडची प्रत घेऊन वेगळा काढलेला प्रकल्प) निघाला, त्यावरून बरीच धुळवड झाली. एक्समध्ये फोर्क निघून तोच मुख्य होणं हे याआधी घडलेलं आहे, २००४ मध्ये एक्सफ्री८६ या तेव्हाच्या एक्स सर्व्हरने लायसन्स बदललं आणि बहुतेक सगळ्या डिस्ट्रो एक्स.ऑर्गकडे वळल्या. पण तेव्हा जवळजवळ सगळे डेव्हलपर आणि डिस्ट्रो फोर्कबरोबर गेले होते, यावेळी तसं झालेलं नाही. फोर्क करायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कोणी मनापासून सांभाळणार असेल तर सांभाळू दे, पण टूलकिट आणि डेस्कटॉपच एक्सचा कोड काढून टाकत असतील तर नुसता सर्व्हर जिवंत राहून तुमच्या ऑफिसला फारसा उपयोग नाही. त्यापेक्षा मला वेबॅक या प्रकल्पाचा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, म्हणजे खाली छोटासा वेलँड कंपोझिटर आणि त्यावर एक्सवेलँड पूर्ण स्क्रीनभर, आणि त्यात तुमचा जुना विंडो मॅनेजर (विंडोंची मांडणी करणारा प्रोग्रॅम) जसाच्या तसा. हार्डवेअरची कटकट नव्या बाजूला, सवय जुन्या बाजूला.

आता ज्याचा मला राग आहे ते. वेलँडचा मूळ प्रोटोकॉल मुद्दाम छोटा ठेवलाय. विंडो दाखवणं, इनपुट देणं, बास. स्क्रीनशॉट, स्क्रीन शेअर, रंगांचं कॅलिब्रेशन, ग्लोबल शॉर्टकट, विंडो कुठे उघडायची, हे सगळं "नंतर बघू" नाहीतर "कंपोझिटरने बघावं". एक्समध्ये ही कामं वाईट पद्धतीने का होईना एका जागी होत होती, एक टूल लिहिलं की सगळ्या डेस्कटॉपवर चालायचं. वेलँडमध्ये ग्नोमचा कंपोझिटर मटर वेगळा, केडीईचा केविन वेगळा, डब्ल्यूएलरूट्स या लायब्ररीवर कंपोझिटर बनवणारे वेगळे, प्रत्येकाने आपापलं केलं. आणि सर्वांसाठी एक प्रोटोकॉल ठरवायचा म्हटलं की चर्चा वर्षानुवर्षं. रंगांच्या व्यवस्थापनाचा प्रोटोकॉल मंजूर झाला फेब्रुवारी २०२५ मध्ये, काही वर्षांच्या घासाघाशीनंतर. फोटोग्राफर, प्रिंटवाले, ज्यांचं पोट रंगांवर चालतं, त्यांना तोवर काय सांगत होतो आपण? एक्सवर थांबा. फेडोराने ग्नोमला वेलँड डिफॉल्ट केलं नोव्हेंबर २०१६ मध्ये, आणि ओबीएस या स्क्रीन रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये वेलँडचं धड स्क्रीन कॅप्चर आलं २०२१ मध्ये. मधलं २०२० आठवा, सगळं शिक्षण, सगळ्या मीटिंग स्क्रीन शेअरवर, आणि शिक्षक फोन करून विचारतायत की मुलांना काळा चौकोन का दिसतोय. मी त्यांना लॉगिन स्क्रीनवरच्या गिअरच्या चिन्हातून एक्स सेशन निवडायला सांगायचो. त्यांनी वेलँडबद्दल वाईट मत करून घेतलं तर मी त्यांना कुठल्या तोंडाने समजावू?

किकॅड, म्हणजे सर्किट बोर्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर, त्यांनी जून २०२५ मध्ये उघडपणे लिहिलं की गंभीर काम करायचं तर एक्स११ वर करा, कारण त्यांना माउसचा कर्सर एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवता येत नाही आणि विंडो हव्या तिथे ठेवता येत नाहीत. इंजिनिअरिंगच्या मुलांना हे रोज लागतं. कर्सर हलवायचा प्रोटोकॉल त्याच सुमारास मंजूर झाला, विंडोच्या जागेचा वाद मात्र अजून पुरता सुटलेला नाही. "प्रोग्रॅमने स्वतःची विंडो कुठे ठेवायची हे ठरवू नये" हा विचार फोनसाठी ठीक आहे, पण ज्याच्या सॉफ्टवेअरच्या पाच विंडो तीन मॉनिटरवर पसरलेल्या असतात त्याला हे तत्त्व ऐकवून काय उपयोग. या संथपणाला कंटाळून सप्टेंबर २०२४ मध्ये गेमिंगच्या बाजूच्या लोकांनी फ्रॉग प्रोटोकॉल्स नावाने वेगळी चूल मांडली, आणि त्यानंतर वेलँडच्या मुख्य प्रक्रियेतही प्रयोगासाठी वेगळा, मोकळा टप्पा आला. म्हणजे आरडाओरडा केल्यावर सुधारणा झाली. आधी का नाही?

सगळ्यात जास्त मला लागलेली गोष्ट म्हणजे अंध वापरणाऱ्यांची. ओर्का हा स्क्रीन रीडर एक्सवर चालायचा तो एक्सच्या त्याच खुलेपणाच्या जोरावर, कुठल्याही विंडोतली कळ ऐकता येते म्हणून त्याचे शॉर्टकट कुठेही चालायचे. वेलँडने ते दार बंद केलं, सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच केलं, पण स्क्रीन रीडरसाठी वेगळं, अधिकृत दार त्याच दिवशी ठेवायला हवं होतं. ओर्काचे शॉर्टकट, कॅप्स लॉकवाले धरून, ग्नोमच्या वेलँडवर नीट आले ते ग्नोम ४८ मध्ये, मार्च २०२५ ला. डिफॉल्ट केलं २०१६ ला! आणि या कामाला वेग आला त्यात जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने ग्नोमला दिलेल्या दहा लाख युरोंचा मोठा हात आहे, हे पैसे आले नसते तर अजून किती वर्षं लागली असती कोण जाणे. डोळस माणसाला स्क्रीन फाटल्यासारखा दिसायचा तो आता दिसत नाही ही सुधारणा, आणि अंध माणसाला मशीन वापरताच येत नाही ही अडचण, या दोन्ही एकाच तराजूत कशा ठेवल्या गेल्या ते मला आजही समजत नाही. आवाजाने मशीन चालवणाऱ्यांची, हात नीट न चालणाऱ्यांची अडचण तर अजून बरीचशी तशीच आहे, कारण त्यांची टूलं दुसऱ्या विंडोला कळा पाठवण्यावर उभी आहेत.

मराठी टायपिंगवर जरा थांबतो, कारण आपल्याकडे नव्वद टक्के फोन याच्यासाठीच येतात असं वाटावं इतके येतात. तुम्ही इनस्क्रिप्ट वापरत असाल आणि ते साधं कीबोर्ड लेआउट म्हणून लावलं असेल तर काळजीचं काही नाही, लेआउटच्या फाइली वेलँडमध्येही त्याच आहेत, एक्सकेबी या एक्सच्या कीबोर्ड-पद्धतीच्याच, फक्त वाचणारी लायब्ररी वेगळी. त्यातली जुनी खोड मात्र तशीच राहते, एका कळीला एकच कॅरेक्टर, त्यामुळे शिफ्ट आणि आकड्यांच्या कळांवरचे क्ष, त्र, ज्ञ, श्र तिथून येत नाहीत, ते हवे असतील तर आयबस या इनपुट मेथडमधून (टायपिंगची पद्धत पुरवणाऱ्या प्रोग्रॅममधून) एम१७एन या संचातलं इनस्क्रिप्ट घ्या. फोनेटिक टाइप करणाऱ्यांना आयबस किंवा त्याच्याच जातीचं एफसीआयटीएक्स लागतंच, आणि खरी गंमत... नाही, खरा त्रास तिथे आहे. ग्नोममध्ये आयबस आतच बसवलेलं आहे, सेटिंगमध्ये कीबोर्डच्या पानावर मराठी जोडलं की झालं. केडीईच्या वेलँडमध्ये मात्र सिस्टिम सेटिंगमध्ये कीबोर्डखाली व्हर्च्युअल कीबोर्ड म्हणून एक पान आहे, तिथे जाऊन आयबस वेलँड किंवा एफसीआयटीएक्स ५ निवडावं लागतं. व्हर्च्युअल कीबोर्ड म्हणजे स्क्रीनवरचा कीबोर्ड असं वाटून कोणी तिथे फिरकतच नाही, आणि मग "वेलँडवर मराठी येत नाही" असा निकाल लागतो.

त्यापुढचा पेच ब्राउझर आणि इलेक्ट्रॉनवाल्या ॲप्सचा, म्हणजे ब्राउझरच पोटात घेऊन चालणाऱ्या ॲप्सचा. प्रोग्रॅम आणि इनपुट मेथड यांच्यात बोलायचा जो प्रोटोकॉल आहे त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, ग्नोमकडे तिसरी, आणि क्रोमियम (क्रोम ब्राउझरचा गाभा) बराच काळ फक्त पहिलीच बोलायचं, दोघांचा मेळच नाही. त्यामुळे फायरफॉक्समध्ये मराठी छान येतं, जीएडिटमध्ये येतं, आणि चॅटच्या ॲपमध्ये तीच कळ दाबली की इंग्रजी. तिसऱ्या आवृत्तीचा आधार आता क्रोमियममध्ये आलाय, पण प्रत्येक ॲपच्या पोटात क्रोमियमची कुठली आवृत्ती आहे त्यावर अवलंबून आहे. अडलं तर ते एक ॲप एक्सवेलँडमध्ये चालवा, आयबसशी जुन्या पद्धतीने बोलेल आणि मराठी येईल, अक्षरं जराशी धुरकट दिसतील एवढंच. आणि एक्सच्या काळात कोणाच्या तरी सांगण्यावरून प्रोफाइल फाइलीत जीटीके आयएम मॉड्यूल, क्यूटी आयएम मॉड्यूल असल्या ओळी घातल्या असतील तर वेलँडवर गेल्यावर त्या आधी काढा, निम्मे घोळ त्यांनीच होतात. एक्समॉडमॅप या एक्सच्या कमांडने बदललेल्या कळाही जातील, त्या बदलासाठी एक्सकेबीचा पर्याय किंवा कीडी (keyd) सारखं खालच्या थरातलं टूल घ्या.

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांबद्दल थोडक्यात. बराच काळ त्यांनी बफरची (तयार चित्रांची) देवाणघेवाण आपल्याच पद्धतीने करायचा हट्ट धरला होता, बाकी सगळे जीबीएम या सामायिक पद्धतीवर होते, शेवटी ४९५ नंबरच्या ड्रायव्हरपासून, २०२१ मध्ये, तेही जीबीएमवर आले, आणि लखलखाट, मागची फ्रेम पुढे येणं हा त्रास संपला तो २०२४ मध्ये ५५५ ड्रायव्हर आणि एक्सप्लिसिट सिंक (चित्र तयार झालं हे स्पष्ट कळवायची सोय) आल्यावर. तुमचा अनुभव याच्या आधीचा असेल तर परत एकदा बघा. कार्ड इतकं जुनं असेल की नवा ड्रायव्हरच मिळत नाही, तर बघू नका, एक्सवरच राहा.

रिमोटचं म्हणाल तर एसएसएच -एक्स (दूरच्या मशीनवरचा प्रोग्रॅम आपल्या स्क्रीनवर उघडायची कमांड) वेलँडवर मेलं असं लोक समजतात, तसं नाहीये, दूरच्या मशीनवरचा एक्सचा प्रोग्रॅम तुमच्या वेलँड सेशनमध्ये एक्सवेलँडमधून उघडतो. वेलँडच्या प्रोग्रॅमसाठी वेपाइप आहे. अख्खा डेस्कटॉप हवा तर ग्नोम आणि केडीई दोघांनीही आपापला आरडीपी (रिमोट डेस्कटॉपची सोय) दिलाय. जे खरोखर अवघड आहे ते म्हणजे समोर कोणी नसताना मशीनमध्ये शिरणं, कारण परवानगीची खिडकी स्क्रीनवर येते आणि ती मान्य करायला तिथे माणूस लागतो. यावर मार्ग आहेत पण डेस्कटॉपप्रमाणे वेगळे, त्यामुळे ज्या ऑफिसची सगळी देखभाल लांबून होते तिथे हे आधी करून बघितल्याशिवाय एकही मशीन बदलू नका. एक्सडूटूल या आपोआप कळा-क्लिक पाठवणाऱ्या टूलवर लिहिलेल्या स्क्रिप्ट जातील, वायडूटूल आहे पण ते कर्नलच्या पातळीवर कळा घालतं, अमुक विंडो शोध आणि तिच्यात टाइप कर हे त्याला येत नाही. हिशेबाच्या किंवा फॉर्म भरायच्या कामाला असल्या स्क्रिप्ट कितीतरी ठिकाणी आहेत, आणि लिहिणारा सोडून गेलेला असतो.

आणखी एक फरक कोणी आधी सांगत नाही. एक्सवर विंडो मॅनेजर कोसळला तरी तुमचे प्रोग्रॅम उघडे राहायचे, परत सुरू केला की काम चालू. वेलँडवर कंपोझिटरच सर्व्हर असल्याने ग्नोम शेल कोसळलं तर सगळं सेशन जातं, सेव्ह न केलेलं कामही. केडीईने आपल्या डेस्कटॉपच्या प्लाझ्मा ६ या आवृत्तीत यावर चांगलं काम केलंय, केविन परत उठतो आणि क्यूटी ६ चे प्रोग्रॅम त्याला पुन्हा जोडले जातात. ग्नोमने हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

मग आत्ता काय करायचं. घाई नाही, पण मुदत आहे. उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचं एक्स सेशन नाही, ग्नोम ४९ मध्ये ते मुळातच बंद ठेवलंय, आणि केडीईने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की प्लाझ्मा ६.८ पासून त्यांचंही एक्स सेशन जाणार. उलट बाजूला उबुंटू २४.०४ एलटीएसमध्ये (दीर्घ सपोर्टच्या आवृत्तीत) एक्स सेशन आहे आणि त्याला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, आरएचईएल ९ ला २०३२ पर्यंत, डेबियन १३ मध्येही आहे. लिनक्स मिंटचं सिनॅमन आणि एक्सएफसीई यांचं मुख्य सेशन अजून एक्सच आहे, वेलँड तिथे प्रयोगाच्या पातळीवर. म्हणजे ऑफिसची मशीनं आज नीट चालत असतील तर त्यांना हात लावू नका, ज्या एलटीएसवर आहात तिथेच राहा, सुरक्षेचे पॅच येत राहतील. एक मशीन, शक्यतो ज्याच्यावर मराठी टायपिंग आणि दोन मॉनिटर दोन्ही आहेत असं, ते वेलँडवर टाका आणि त्यावर खरं काम करा, नुसतं ब्राउझर उघडून बघू नका. प्रिंट काढा, स्कॅन करा, मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर करा, रिमोटने शिरून बघा, कॉपी-पेस्ट एक्सवेलँडच्या प्रोग्रॅममधून वेलँडच्या प्रोग्रॅममध्ये करून बघा. ऑफिसात कोणी स्क्रीन रीडर वापरत असेल तर त्यांच्यासमोर बसून त्यांनाच ठरवू द्या, त्यांच्या वतीने तुम्ही ठरवू नका. तुम्ही आत्ता वेलँडवर आहात की एक्सवर हे बघायचं असेल तर ग्नोमच्या सेटिंगमध्ये सिस्टिमच्या तपशिलात विंडोइंग सिस्टिम म्हणून ओळ असते, कित्येकांना आपण आधीच वेलँडवर आहोत हे तिथे पहिल्यांदा कळतं.

आणि काही अडलं तर बग नोंदवताना "वेलँड चालत नाही" असं लिहू नका, त्या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. केडीईवर असाल तर केविनकडे, ग्नोमवर असाल तर मटरकडे, मराठीचं असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्सकडे, कुठला प्रोग्रॅम, तो एक्सवेलँडमध्ये होता की थेट वेलँडवर, कुठलं लेआउट, कुठली कळ दाबली, काय यायला हवं होतं आणि काय आलं, एवढं द्या. जोडाक्षर मध्येच तुटतंय, कर्सर चुकीच्या जागी उडी मारतोय, असल्या गोष्टी देवनागरी टाइप करणाऱ्यालाच दिसतात. इंग्रजी नीट जमत नसेल तर मोडकं लिहा आणि सोबत स्क्रीनचा छोटा व्हिडिओ जोडा, बग त्यावरूनही समजतो.